टी पेशीत कॅल्शियम शिरतं कसं, आणि ते मोजताना कुठे फसायला होतं

शांत बसलेल्या टी पेशीच्या (रोगप्रतिकार करणारी पांढरी पेशी) आत मोकळं कॅल्शियम साधारण 50 ते 100 नॅनोमोलर असतं. बाहेर रक्तात ते 1 मिलिमोलरच्या थोडं वर. पटलाच्या दोन बाजूंना दहा हजारपटींहून जास्त फरक! तो टिकवायला पेशी अखंड पंप चालवत राहते. कॅल्शियमचा वापर निरोपासारखा करायचा, तर एरवी आत शांतता हवीच.

प्रतिजन (परक्याची खूण असलेला रेणू) ओळखला गेला म्हणून बाहेरचं दार लगेच उघडत नाही. आधी आतलं कोठार रिकामं होतं. प्रतिजन ओळखणाऱ्या ग्राहीपासून एलसीके, झॅप-70, एलएटी या प्रथिनांची साखळी हलते आणि शेवटी फॉस्फोलायपेज सी-गॅमा 1 हे विकर पटलातल्या पीआयपी2 या मेदरेणूचे दोन तुकडे करतं. त्यातला आयपी3 हा तुकडा आंतर्द्रव्यजालिकेवरच्या (पेशीतलं पटलांचं जाळं; कोठार ते हेच) वाहिन्या उघडतो आणि तिथलं साठवलेलं कॅल्शियम पेशीद्रव्यात सांडतं. टी पेशीचं हे कोठार लहानसं. त्यातून आलेली लाट बघता बघता ओसरते. त्या लाटेपेक्षा कोठार रितं झाल्याची खबर जास्त कामाची, आणि ती देणारं प्रथिन म्हणजे स्टिम1.

स्टिम1 जालिकेच्या पटलात रोवलेलं असतं. त्याचं एक टोक कोठाराच्या आत कॅल्शियम धरून बसतं. कोठारातली पातळी उतरली की ती पकड सुटते, रेणू एकमेकांना चिकटतात आणि जालिका जिथे पेशीपटलाच्या अगदी जवळ, 10 ते 25 नॅनोमीटरवर आलेली असते तिथे गोळा होतात. तिथून स्टिम1 आपलं लांबुळकं शेपूट पुढे करून पेशीपटलातल्या ओराय1 या प्रथिनाला गाठतं आणि दार उघडतं. ओराय1 च्या सहा उपघटकांची मिळून एक वाहिनी होते. तिच्या तोंडाशी 106व्या जागेवरच्या ग्लुटामेटचं कडं असतं, आणि सोडियमच्या गर्दीतून कॅल्शियम निवडून घेण्याचं काम ते करतं.

या दारातून कॅल्शियम आत येताना होणारा विद्युतप्रवाह मास्ट पेशींत 1992 मध्ये नीट मोजला गेला होता, पण त्यामागची प्रथिनं सापडायला बरीच वर्षं गेली: स्टिम1 2005 मध्ये, ओराय1 2006 मध्ये. ओराय1 चा पत्ता लागला तो काही आजारी बाळांमुळे. त्यांच्या ओराय1 मध्ये 91व्या जागी आर्जिनिनऐवजी ट्रिप्टोफॅन होतं. टी पेशींची संख्या ठीकठाक, पण काम जवळपास शून्य. नुसती पेशींची मोजणी पाहून निश्चिंत होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दार उघडणं एक, ते उघडं राहणं दुसरं. आत आलेलं कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनामार्फत कॅल्सिन्युरिन या विकराला जागं करतं, कॅल्सिन्युरिन एनएफएटी या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनावरचे फॉस्फेट काढतं, मग एनएफएटी केंद्रकात शिरतं. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं नेमकी हीच पायरी अडवतात. पण कॅल्शियम उतरलं की एनएफएटी काही मिनिटांत केंद्रकाबाहेर पडतं, आणि आयएल-2 (टी पेशींना वाढवणारं निरोपी प्रथिन) पुरेसं तयार व्हायला तासांचा अवधी लागतो. म्हणून उंच पण क्षणिक लाट एनएफ-कप्पा-बी या तशाच दुसऱ्या प्रथिनाला पुरते, एनएफएटीला पुरत नाही. त्याला बेताचं पण टिकाऊ कॅल्शियम लागतं. शिवाय सोबत एपी-1 हे जोडीदार प्रथिन नसेल तर एकटं एनएफएटी पेशीला उलट सुन्न करतं.

टिकवण्याचा खर्च दुसरेच भरतात. प्रत्येक कॅल्शियम आयन दोन धन प्रभार आत आणतो. केव्ही1.3 आणि केसीए3.1 या वाहिन्यांतून पोटॅशियम बाहेर जात राहिलं नाही, तर दार उघडं असूनही आत खेचणारी ओढ संपते. ओराय1 च्या तोंडाशी साचलेलं कॅल्शियमच तिला बंद पाडतं, म्हणून मायटोकाँड्रिया ते जवळच्या जवळ गिळत राहतात.

आता मोजमाप. फ्लुओ-4 एएम (कॅल्शियम धरलं की चमकणारा रंग) 2 ते 4 मायक्रोमोलर, तो विरघळवायला 0.02 टक्के प्लुरॉनिक एफ-127, खोलीच्या तापमानाला 30 मिनिटं. मग धुऊन आणखी 20-30 मिनिटं तसंच ठेवायचं, म्हणजे रंगाला पेशीत शिरू देणारे एएम गट सुटतात. घाईने 37 अंशांवर जास्त वेळ रंग भरला की तो पेशीच्या कप्प्यांत शिरतो आणि मूळ पातळी उगाच वर दिसते. पेशी कॅल्शियमविरहित हेपेस द्रावणात घ्यायच्या, मिनिटभर मूळ पातळी नोंदवायची, थॅप्सिगार्गिन 1 मायक्रोमोलर घालायचं. त्याने जालिकेचा पंप बंद पडतो, कोठार ग्राहीला न विचारताच रिकामं होतं. 8-10 मिनिटांनी बाहेर 2 मिलिमोलर कॅल्शियम घालायचं. या वेळची चढण म्हणजे ओराय1 मधून झालेली आवक. मी शिखरापेक्षा सुरुवातीच्या चढणीचा वेग धरतो. शिखरावर पंप, मायटोकाँड्रिया आणि रंगाची मर्यादा या सगळ्यांचा हात फिरलेला असतो.

फसगत बहुतेकदा द्रावणात होते. 1 मिलिमोलर ईजीटीए (कॅल्शियम पकडणारं रसायन) शिल्लक असेल तर घातलेल्या 2 मधलं निम्मं ते खाऊन टाकतं, वर प्रोटॉन सोडून पीएचही उतरवतं. वाहिनी अडवायला लँथॅनम किंवा गॅडोलिनियम वापरणार असाल तर फॉस्फेटचं द्रावण नको, साका बसतो. 2-एपीबी हे रसायन 50 मायक्रोमोलरला वाहिनी अडवतं, 5 ला उलट प्रवाह वाढवतं. त्यामुळे पिपेटची चूक थेट उलटा निष्कर्ष देते. काचेवर पेशी चिकटवायला पॉली-एल-लायसिन वापरलं तर ‘शांत’ टी पेशी आधीच चाळवलेल्या मिळतात. फ्लुओ-4 एकाच तरंगलांबीवर वाचला जातो, तेव्हा दोन नमुन्यांत रंग कमीजास्त भरला असेल तर तोही कॅल्शियमचा फरक वाटतो. शंका आली तर फुरा-2 हा रंग घ्यावा: 340 आणि 380 नॅनोमीटरने उद्दीपन, 510 ला वाचन, आणि दोहोंचं गुणोत्तर.

शेवटी आयनोमायसिन (पटलातून कॅल्शियम थेट आत नेणारं रसायन) घालून रंग अजून प्रतिसाद देतो ना, हे बघायचंच. आयनोमायसिनला उसळी आहे पण थॅप्सिगार्गिनवर रेघ सपाट, तर संशय स्टिम1-ओराय1 वर. थॅप्सिगार्गिनवर चढण उत्तम आणि फक्त सीडी3-विरोधी (ग्राहीलाच चाळवणाऱ्या) प्रतिपिंडावर सपाट, तर बिघाड वरच्या साखळीत, ग्राही ते आयपी3 यांच्या मधे कुठेतरी शोधायचा.