पळून आलेलं पोरगं, नागपूर स्टेशन आणि किशोर कादंबरी

घरातून पळालेल्या पोराची गोष्ट लिहायला घेतली की लेखणी आपसूक त्याला मुंबईला नेऊन सोडते. तिरोड्याच्या, चंद्रपूरच्या, बैतूलच्या पोराला मात्र नागपूर जवळ पडतं. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग इथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे चारी दिशांची पोरं याच फलाटांवर उतरतात. मुंबई इथून रेल्वेने ८३७ किलोमीटर. खिशात तिकीट नाही, पोटात सकाळपासून काही नाही, अशा पोराला तेवढं अंतर एका दमात जमत नाही. म्हणून ही कादंबरी नागपुरातच घडू द्या. आणि लिहायची तर नीट माहिती घेऊन लिहा, कारण ती ज्याच्या हातात पडणार आहे त्या नववीतल्या वाचकाच्या वर्गात खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, खाणारे दोघं-तिघं बसलेले असतात. त्याला खोटं लगेच कळतं.

सुरुवात बहुतेक हस्तलिखितांत जोरदार असते: बापाचा पट्टा, आईचं रडणं, दाराबाहेर उडी. खरं पळणं इतकं ठसठशीत नसतं. त्या दिवसाचं कारण लहान असतं. मोबाइल काढून घेतला, निकालाचा कागद दाखवायची हिंमत झाली नाही, भावासमोर थोबाडीत बसली. मोठं कारण दोन-तीन वर्षं साचत आलेलं असतं आणि पोराला स्वतःलाच ते धड सांगता येत नाही. त्यामुळे पहिल्या प्रकरणात फक्त लहान कारण ठेवा. मोठं कारण अशा मुलांचा निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीपुढे किंवा समुपदेशकापुढे, पुस्तक अर्धं सरल्यावर, तुकड्यातुकड्यानं येऊ द्या.

गाडीतला भूगोलही जपा. गोंदियाकडून येताना कन्हान नदीचा पूल लागतो, मग कामठी, आणि तिथून पुढे पोराच्या पोटात गोळा येतो, कारण डबा रिकामा व्हायला लागतो. नागपूरला उतरल्यावर दोन बाजू आहेत. पश्चिमेला मुख्य इमारत, तिकडे पोलिसांची वर्दी जास्त. पूर्वेला संत्रा मार्केटचं दार, तिकडे हमाल, फळांच्या पेट्या, चहाचे ठेले. नवखं पोरगं गर्दीमागे जातं. मुरलेलं पोरगं कुठे जायचं ते उतरायच्या आधीच ठरवून असतं. हा एवढा फरक दाखवला तरी दोन पात्रं उभी राहतात.

आता व्यसन. विदर्भातल्या पोराची कादंबरी थेट गर्दपासून, म्हणजे ब्राऊन शुगरपासून, सुरू झाली, तर मला ती पहिल्याच पानावर परकी वाटते. इथे सुरुवात खर्र्यापासून होते, तीही घरी असतानाच. पानठेल्यावर सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकून तळहातानं घोटतात, मग पुडी वळून हातात ठेवतात. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, पण खर्रा घोटल्याचा तो खसखस आवाज कुठल्याही चौकात येतो. पोरं तो शाळेच्या वाटेवर खातात आणि त्याला व्यसन म्हणत नाहीत. सुपारीनं गालाच्या आतली त्वचा कडक होत जाते. सुरुवात जळजळीनं होते, पुढे तोंड उघडणं कमी होतं. आपली तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालून पाहा, निरोगी तोंडात ती जातात. दोनच जात असतील तर आजार बराच पुढे गेलेला असतो.

कादंबरीत हे डॉक्टरच्या तोंडी घालू नका. सकाळी ठेल्यावर सगळे तर्री-पोहे खातायत, आणि पंधरा वर्षांचा एक पोरगा नुसतेच पोहे मागतो. ठेलेवाला सवयीनं झणझणीत तर्रीचा डाव उचलतो, तसा पोरगा प्लेट मागे ओढतो. पहिल्याच घासाला तोंडाची आग होईल हे त्याला ठाऊक आहे. नागपूरचा वाचक तिथे थबकेल.

फलाटावर आल्यावर हुंगायचं ‘सोल्यूशन’ येतं, म्हणजे पंक्चर चिकटवायचा डिंक किंवा तसलं काही. २०१२मध्ये केंद्र सरकारनं बाटलीतल्या व्हाइटनर-थिनरच्या किरकोळ विक्रीवर बंदी आणली, त्यामुळे आजच्या काळातल्या गोष्टीत पोराच्या हाती व्हाइटनरची बाटली दिली की लेखक जुन्या बातम्यांवर विसंबलाय हे दिसतं. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९ला प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत एक गोष्ट उठून दिसते: हुंगायची नशा ही एकच अशी आहे जी मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आहे. मोठ्यांत ०.५८ टक्के, १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के. स्वस्त, दुकानात मिळणारी, आणि जवळ बाळगली तरी अंमली पदार्थांच्या कायद्यात न बसणारी.

ती कशासाठी घेतली जाते, यावर बहुतेक लेखक घसरतात. ‘भूक मारायला’ असं एक ठरलेलं वाक्य असतं. ते काही अंशी खरं आहे. पण नागपुरात उपाशी राहायची वेळ रोज येत नाही. गुरुद्वाऱ्यात लंगर असतो, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर, ताजबागेत, अन्न मिळतं, विजयादशमीच्या सुमारास दीक्षाभूमीभोवती रस्त्यारस्त्यांवर भोजनदान सुरू असतं. स्टेशनवरच्या पोरांना कुठे काय मिळतं हे पक्कं माहीत असतं. अन्नानं न भागणाऱ्या दोन गोष्टी असतात: रात्रीची भीती आणि डिसेंबरची थंडी. नागपूरची थंडी फरशीतून वर येते. सोल्यूशननं ती काही मिनिटं जाणवत नाही. शिवाय ते चौघांत बसून घेतात. नव्या पोराला टोळीत जागा मिळते ती हुंगायच्या त्या कपड्याच्या तुकड्यासोबत. नाही म्हणणं म्हणजे एकटं झोपणं. वाचकाला हा पेच कळला, तर नशा का लागते हे वेगळं समजवावं लागत नाही.

पैशाचंही तसंच. रिकाम्या बाटल्या, डब्यात झाडू मारणं, यातून दिवसाला थोडी कमाई होते आणि रात्रीपर्यंत ती संपते. लेखक लिहितो, ‘व्यसनात उडवली’. पण पैसे ठेवायचे कुठे? झोपेत खिसा कापला जातो, नाहीतर मोठी पोरं काढून घेतात. उरवलेला पैसा सकाळी आपला नसतोच, म्हणून तो संध्याकाळीच संपवणं हाच त्यातला हिशोब आहे. पात्राला एक जागा द्या, विश्वासाचा चहावाला किंवा निवारागृहातली कुलपाची पेटी, आणि पाहा ते पैसे कसे वाचवायला लागतं.

पाठलागाच्या प्रसंगाबद्दल मात्र मी हट्टानं सांगेन. शिट्टी वाजते, पोलीस धावतात, पोरगं रुळांवरून पळतं, स्टेशनजवळच्या रामझुला पुलाखाली गायब होतं. वाचायला थरारक आहे. पण सोल्यूशन हुंगलेल्या शरीरात हृदय अ‍ॅड्रेनलिनला फार हळवं झालेलं असतं. त्या अवस्थेत अचानक दचकणं किंवा जीव तोडून धावणं यानं हृदयाची लय बिघडून जागच्या जागी मृत्यू येऊ शकतो, अगदी पहिल्यांदाच घेतलं असलं तरी. म्हणून मुलांसोबत काम करणारी जाणती माणसं नशेतल्या पोरामागे धावत नाहीत. थोड्या अंतरावर खाली बसतात, नावानं हाक मारतात, वाट पाहतात. लेखकानं तो प्रसंग असा लिहावा: आरपीएफचा, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचा, शिपाई धावायच्या बेतात आहे आणि स्टेशनवरची ताई त्याची बाही धरून म्हणते, ‘‘दादा, थांबा. बसा इथंच.’’ ताण कमी होत नाही, वाढतो. आणि एखादं पोरगं शुद्ध हरपून पडलं तर त्याला मोकळ्या हवेत कुशीवर वळवतात, तोंडात पाणी ओतत नाहीत, १०८ला फोन करतात. स्टेशनपासून मेयो हे सरकारी रुग्णालय जवळ आहे.

नशा कशी करतात हे मात्र लिहू नका. किती, कशात, कोणत्या नावाची, काही नको. परिणाम लिहा: तोंडाभोवती उठलेलं लाल पुरळ, शर्टाला येणारा तो गोडसर उग्र वास, पाय कापसाचे झाल्यासारखी चाल, बोलता बोलता तुटलेलं वाक्य. कृती वगळल्यानं कादंबरी मिळमिळीत होत नाही.

सुटण्याची प्रकरणं सर्वांत जास्त बिघडतात. खाटेला बांधलेलं पोरगं एक रात्र ओरडतं आणि सकाळी खिडकीतून ऊन येतं. असं होत नाही, आणि सगळ्या नशांचं एकसारखं तर मुळीच होत नाही. सोल्यूशन सोडल्यावर चिडचिड, डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं असे दिवस जातात. त्याला बदली औषध नाही. जेवण, झोप आणि दिवसभर हाताला काम, यावरच भर असतो. गर्द असेल तर शेवटच्या वेळेनंतर ८ ते १२ तासांत नाक-डोळे वाहू लागतात, जांभया येतात, अंगावर काटा, पोटात पीळ, जुलाब. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट, आठवड्याभरात उतरतं. खरा धोका त्यानंतर असतो. शरीराची सवय मोडलेली असते आणि पोरगं परत जुन्याच मापानं घेतं. अनेक मृत्यू तिथे होतात. झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर झटके येऊ शकतात, म्हणून त्या डॉक्टरच्या देखरेखीतच उतरवत आणतात. तुमचं पात्र नेमकं काय घेतं हे आधी ठरवा, मग दिनदर्शिका घेऊन बसा.

कायद्याच्या बाजूला एक चूक जवळपास ठरलेली: पळालेल्या पोराला ‘रिमांड होम’मध्ये टाकतात. लोकांच्या तोंडी तो शब्द अजून आहे, म्हणून संवादात चालेल, निवेदनात नको. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे गुन्ह्याचा आरोप असलेलं मूल बाल न्याय मंडळापुढे आणि निरीक्षणगृहात जातं. घरातून पळालेलं मूल हे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल. ते प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे यायला हवं, आणि राहतं बालगृहात. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत निदान एक महिला. समिती सामाजिक तपासणी अहवाल मागवते आणि पोराला विचारते. घरी मारझोड आहे असं दिसलं तर आईबाप दाराशी रडत उभे असले तरी मूल तसंच हवाली करत नाहीत. या खोलीत एक अख्खं प्रकरण बसतं.

घरी काय चाललंय तेही दाखवा. ‘चोवीस तास थांबा, मग या’ असं ठाण्यात सांगितलं जाणं चुकीचं आहे. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवायला सांगितलंय. म्हणून कागदावर येतं ते ठरलेलं वाक्य: अज्ञात इसमाने अज्ञात कारणासाठी फूस लावून पळवून नेले. पोरगं पुढे कधीतरी ते वाचेल. स्वतःच्या पायानं निघालेल्याला कोणी ‘पळवून नेले’ हे वाचून काय वाटेल, यावर लिहिण्यासारखं खूप आहे. मात्र शेवटच्या प्रकरणात ‘हरवलेला अमुक सापडला’ अशी नाव-फोटोसकट बातमी लावू नका. बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ अशी ओळख छापायला मनाई करतं.

विकणाऱ्या माणसाला शिक्षा द्यायची घाई असते, तर हेही माहीत असू द्या: मुलाला अंमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला त्याच अधिनियमाच्या कलम ७७खाली, आणि मुलाकडून माल पोचवून घेणाऱ्याला कलम ७८खाली, ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. तंबाखूही त्यात येते, म्हणजे शाळेजवळचा पानठेलाही.

मुलीची गोष्ट असेल तर वेग बदला. मुलगी फलाटावर फार काळ एकटी राहत नाही. कोणीतरी, बरं किंवा वाईट, लवकर तिच्याजवळ येतं. आणि वाईट माणूसही ‘जेवलीस का बाळा’ असंच बोलतं.

भाषेचं थोडं. स्टेशनवरची पोरं ‘‘अरे, तू कुठून आलास?’’ असं बोलत नाहीत. ‘‘काऊन बे, कुठून आला?’’ ‘‘तिरोड्याहून.’’ ‘‘बाप मारते का?’’ ‘‘मी नाही जात घरी.’’ ‘‘चाल मंग तिकडे, इथं पोलीस येते.’’ छत्तीसगड-मध्य प्रदेशची पोरं मिसळली की यात नागपुरी हिंदी येते, आणि तीच टोळीची भाषा होते. समितीपुढे तोच पोरगा एकदम शाळेतलं पुस्तकी मराठी बोलायला लागतो. तो बदल कानानं टिपा.

घरी परतल्यावर कादंबरी संपवू नका, निदान चाळीस पानं द्या. वस्तीत त्याला कोणीतरी ‘नागपूर रिटर्न’ म्हणून हाक मारेल. शेजारची बाई आपल्या पोराला त्याच्याशी खेळू देणार नाही. वर्ष बुडालं म्हणून त्याला नववीच्या बाकावर लहान मुलांत बसायचं नाही, तेव्हा कोणीतरी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचं सुचवेल. पानठेला तिथेच आहे, तोच माणूस, तीच पन्नी. बाप मारत नाही, पण बोलतही नाही. पहिले दोन-तीन आठवडे सगळे जपून वागतात आणि मग घर पुन्हा पूर्वीसारखं होतं. पुन्हा पळणारी पोरं बरेचदा तेव्हाच पळतात. तुमचा पोरगा दुसऱ्यांदा तिरोडा स्टेशनच्या बाकावर जाऊन बसला आणि गाडी आली, तर तो चढतो का, हे तुम्ही ठरवायचं.

शेवटच्या पानावर, गोष्टीच्या बाहेर, नंबर छापा: मुलांसाठी १०९८, रेल्वेत असाल तर १३९, व्यसनासाठी १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६. छापखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक नंबर स्वतः लावून पाहा. १०९८ची व्यवस्था २०२३मध्ये बदलली आणि तो ११२शी जोडला गेला, अशा गोष्टी पुढेही बदलतील. आणि ते पान फाडून खिशात मावेल एवढ्या मापाचं ठेवा, मागची बाजू कोरी.