रूट्स रेगे गोळा करताना: लेबलवरची बारीक अक्षरं

रेगे या जमैकन संगीताशी बहुतेकांची ओळख बॉब मार्लेपासून होते. रूट्स रेगे म्हणजे त्यातला १९७० च्या दशकातला, रास्ताफारी श्रद्धेत रुजलेला प्रकार. तिथून पुढे नुसती गायकांची नावं शोधण्यात फार वेळ जातो. माझं गाडं पुढे सरकलं ते तबकडीच्या लेबलवर निर्माता कोण, स्टुडिओ कुठला आणि वादक कोण हे वाचायला लागल्यावर.

१९७० च्या दशकात जमैकाची राजधानी किंग्स्टनमधला धंदा चालायचा सात इंची सिंगलवर, म्हणजे दोन बाजूंच्या छोट्या तबकडीवर. अल्बम बहुधा नंतर, चाललेल्या सिंगल एकत्र करून निघायचा. ड्रम-बासचा साचा म्हणजे रिडिम. एकाच चालीवर वेगवेगळे अभंग म्हणावेत तसे एकाच रिडिमवर अनेकजण गायचे. किंग्स्टनच्या स्टुडिओ वनमधला १९६७ चा 'रिअल रॉक' हा रिडिम ओळखता आला, की त्यावरची बाकीची गाणी आपोआप सापडायला लागतात.

सुरुवातीला प्रत्येक स्टुडिओचा एक अल्बम पुरे. चॅनल वनसाठी माइटी डायमंड्सचा 'राइट टाइम' (१९७६), जो गिब्ससाठी कल्चरचा 'टू सेव्हन्स क्लॅश' (१९७७), निर्माता ली पेरीच्या ब्लॅक आर्कसाठी काँगोजचा 'हार्ट ऑफ द काँगोज' (१९७७), आणि डबसाठी (गाण्याचं आवाज काढून, इको घालून केलेलं रूप) ऑगस्टस पाब्लोचा 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन'. ऐकताना ड्रमकडे लक्ष द्या. वन ड्रॉप या तालात पहिली मात्रा रिकामी असते आणि जोर तिसरीवर येतो. स्टेपर्स या तालात किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) चारही मात्रांवर पडते. मोबाइलच्या स्पीकरवर बास येतच नाही, म्हणजे अर्धं गाणं गेलं. निदान बरे हेडफोन तरी हवेत.

सिंगलची बी बाजू वगळू नका. तिथे 'व्हर्जन' असतं: तोच रिडिम, गायकाचा आवाज जवळजवळ काढून टाकलेला. पुढे साउंड इंजिनिअर किंग टबीने इको आणि रिव्हर्ब वापरून त्याचंच डब केलं.

एकाच अल्बमची मिक्स वेगळी असू शकतात, हे खरेदीआधी तपासावं लागतं. बर्निंग स्पिअरचा 'मार्कस गार्वी' (१९७५) आयलंड या रेकॉर्ड कंपनीने ब्रिटनसाठी पुन्हा मिक्स करून सौम्य केला. निर्माता जॅक रूबीच्या मूळ जमैकन सिंगल त्याहून जड वाजतात. काँगोजच्या अल्बमचीही दोन मिक्स आहेत. १९९६ मध्ये ब्लड अँड फायर या पुनर्मुद्रण करणाऱ्या लेबलने तो नीट मास्टर करून काढला आणि माझ्या मते नवख्याने तोच घ्यावा. मूळ जमैकन प्रतीला पैसे फार पडतात आणि खरखर फुकट मिळते.

ही खरखर नेहमी वापरामुळेच आलेली नसते. जमैकात प्लास्टिक अनेकदा पुनर्वापराचं असायचं, त्यामुळे न वाजवलेली प्रतही आवाज करते. विक्रेत्याने 'व्हीजी प्लस' (व्हेरी गुड प्लस, म्हणजे बऱ्यापैकी चांगली प्रत) लिहिलं तर दर्जा नुसता पाहून ठरवला की वाजवून, हे विचारा. लेबलचं डिझाइन जुनं आहे म्हणून प्रत जुनी ठरत नाही; स्टुडिओ वनची लेबलं पुढच्या छपायांमध्येही तशीच राहिली. शेवटच्या खाचेजवळ कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक मागवा आणि डिस्कॉग्ज या तबकड्यांच्या ऑनलाइन सूचीवरच्या नोंदीशी ताडून बघा.

जमैकन सिंगलचं भोक मोठं, सुमारे ३८ मिलिमीटरचं असतं; अडॅप्टर लागतो. भोक मध्यात नसेल तर सूर हेलकावतो. अशा वेळी अडॅप्टर काढून तबकडी बोटाने किंचित सरकवायची आणि टोनआर्म (सुई धरणारा दांडा) डावी-उजवीकडे डोलायचा थांबेपर्यंत जुळवायची. मोठ्या भोकाचा हा एक फायदा! झिजलेल्या प्रतींना साधी शंकूच्या आकाराची सुई जास्त सोसते.

धुण्यासाठी मी तीन भाग डिस्टिल्ड वॉटर आणि एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतो, मायक्रोफायबरने खाचेच्या दिशेने पुसतो. लेबल कोरडं राहिलं पाहिजे. ॲसिटेटच्या डबप्लेटला (थेट कापलेली, मऊ थराची तबकडी) मात्र अल्कोहोल अजिबात लावायचं नाही, वरचा थरच जातो.

भारतात एकच सिंगल मागवली तर टपालखर्च बहुधा तबकडीच्या वर जातो, शिवाय कस्टम्स. एकाच विक्रेत्याकडून आठ-दहा एकत्र घ्या. प्रेशर साउंड्स आणि टोकियोच्या डब स्टोअर या लेबलांची पुनर्मुद्रणं भरवशाची आहेत. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कागदी पाकिटांना बुरशी धरते; आतलं पाकीट पॉलिथिनचं वापरा, तबकड्या उभ्या ठेवा आणि कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका.