आधी चप्पल घाल

रविवारी दुपारी डायनिंग टेबलावर जुने पेपर अंथरून पीसीचा कॅबिनेट उघडून बसलो होतो. बाजूला प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या नवीन लिक्विड कूलरचा खोका, स्क्रूच्या बारक्या बारक्या पिशव्या (त्यातले निम्मे इंटेलवाल्यांसाठी, म्हणजे माझ्या काहीच कामाचे नाहीत), आणि समोर खुर्चीवर आई, शेंगा सोलत. ती अकोल्याहून आलीये. बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, "ह्या नळ्या कशाच्या रे?"

म्हटलं, पाण्याच्या.

"पाणी? कॉम्प्युटरात?" आणि शेंग हातातच ठेवून, "अन् करंट आला म्हणजे?"

आमच्याकडच्या माणसाला कूलर आणि पाणी एका वाक्यात सांगितलं की पुढचा प्रश्न हाच येणार. एप्रिल लागायच्या आत बाबा माळ्यावरून कूलर उतरवायचे, पत्र्याचा मोठ्ठा डबा, वर्षभराची धूळ आणि एखादी पाल आतमध्ये असायचीच. मग जुन्या ताट्या काढायच्या, टाकी घासायची, कुठं गंजून भोक पडलं असेल तर एमसील लावायचं, पंप बादलीत बुडवून चालतोय का बघायचं आणि मग तो डबा खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर चढवायचा. पहिल्या दिवशी ओल्या वाळ्याचा जो वास घरभर सुटायचा त्यासाठी मी आजही अकोल्याचा मे महिना सहन करायला तयार आहे, निदान दोन दिवस तरी. पण कूलर चालू व्हायच्या आधी बाबा टेस्टर घेऊन पत्र्याला चारही बाजूंनी लावून बघायचे, आणि आम्हा भावंडांना एकच मंत्र होता, कूलरला हात लावायचा तर आधी चप्पल घाल. घरात चप्पल घातली तर ओरडा खायचो, पण कूलरपाशी नाही घातली तर फटका. रात्री पाइपनं टाकी भरायचं काम माझं, आधी बटण बंद, मग प्लग काढ, मग चप्पल, मग पाणी, आणि एवढं करूनही एरवी चालू कूलरच्या पत्र्याला हात लागला की कधीकधी मुंग्या यायच्याच. "थोडा करंट मारतो" असं आम्ही पाहुण्यांना सांगायचो, अगदी कौतुकानं.

असो, तर नळ्या. पाणी अगदी साधं नसतं, त्यात ग्लायकॉल आणि गंज न धरणारं काहीबाही असतं, आणि कारखान्यातच सील केलेलं असतं, टाकी भरायची भानगड नाही. प्रोसेसरवर तांब्याची प्लेट बसते, वर छोटा पंप, तिथली गरमी पाणी उचलून रेडिएटरकडे नेतं आणि पंखे ती बाहेर फेकतात. खरं सांगायचं तर माझ्या कामाला प्रोसेसरवर बसणारा चांगला पंख्याचा कूलरही पुरला असता, पण व्हिडिओ रेंडर करताना जुना पंखा जो घों घों सुरू करायचा त्यानं डोकं उठलं होतं.

बसवताना खरी मारामारी जागेची होते. कॅबिनेटवाले सांगतात वरती 240 मिलिमीटरचा रेडिएटर बसतो. बसतो हो, पण रेडिएटर 27 मिलिमीटर जाड, त्याला लागलेला पंखा 25, म्हणजे 52 मिलिमीटरची वस्तू छताला लटकणार आणि खाली रॅमच्या उंच चमकत्या टोप्या. ज्यानं रॅमला टोप्या घालायची कल्पना काढली त्याच्याशी माझं कायमचं भांडण आहे. मग रेडिएटर पुढच्या बाजूला. तिथं माझा एक हट्ट आहे, नळ्या खाली आल्या पाहिजेत. आतमध्ये थोडी हवा असतेच, ती वर चढते, आणि पंप सगळ्यात उंचावर असला तर ती नेमकी पंपात जाऊन बसते आणि गुडगुडत राहते, त्यामुळे रेडिएटरचं वरचं टोक पंपाच्या वर हवं. नळ्या वर ठेवल्या तरी एवढं सांभाळलं तर चालतं म्हणतात, चालत असेल, मला झोप लागत नाही.

प्रोसेसरवरचा जुना कूलर काढायचा तर पीसी थोडा वेळ चालवून, मग बंद करून, गरम असतानाच, हलकेच पिळून काढायचा. थंड असताना सरळ वर ओढला तर एएम-फोरचा (एएमडीच्या एका सॉकेटचा) प्रोसेसर मधल्या पेस्टला चिकटून सॉकेटमधून उपटून येऊ शकतो, पिनांसकट. नव्या कूलरच्या प्लेटवरची पारदर्शक फिल्म काढायची. आणि पंपाची वायर मदरबोर्डवर पंपाच्या किंवा पंख्याच्या कुठल्याही जागी लावा, पण सीपीयू-फॅन लिहिलेल्या जागी काहीतरी लागलेलं असू द्या, नाहीतर बरेच बोर्ड चालू झाल्या झाल्या तक्रार करत अडून बसतात.

आईला समजावलं, अगं ह्या पंपाला बाराच व्होल्ट लागतात, माणसाला काही होत नाही, फुटलं तर खालचं ग्राफिक्स कार्ड जाईल फक्त. पूर्वी क्रे-2 नावाचा सुपरकॉम्प्युटर होता, 1985 चा, तो तर अख्खाच एका द्रवात बुडवलेला असायचा, त्या द्रवातून वीजच जात नाही. ती म्हणाली, "मग हा थंडगार हवा देतो का?" नाही देत. हाच तर विनोद आहे. खोलीत चाळीस डिग्री असेल तर ह्यातलं पाणी चाळिसाच्या वरच राहणार. आपला पत्र्याचा डबा मात्र पाण्याची वाफ करून हवा खोलीपेक्षा थंड करतो, तेही अकोल्याच्या कोरड्या मे महिन्यात झकास. "मग तो बरा," आई म्हणाली आणि शेंगा उचलून आत गेली.

बरा आहेच. पण मी इथं प्रत्येक जोड बोटानं चाचपून बघितला, खाली टिश्यू पेपर ठेवून नुसता पंप चालवला, का तर कार्ड महागाचं आहे. आणि तिकडे उघडी टाकी, 230 व्होल्ट, पत्र्याची बॉडी, टेप गुंडाळलेली वायर, अर्थिंग असलं तर असलं. दर उन्हाळ्यात आमच्याकडच्या पेपरात कूलरचा शॉक लागून कुणीतरी गेल्याची बातमी असतेच, आणि बऱ्याचदा ते लहान पोर असतं, खेळता खेळता हात लागलेला. करंट 30 मिलिअँपिअर गळला की लाइन तोडणारा आरसीसीबी मिळतो, तो एका ग्राफिक्स कार्डाच्या किमतीत गल्लीतल्या सगळ्या घरांना बसेल. अकोल्याच्या घरात तो नाही. भावाची दोन्ही पोरं आता रांगायच्या पुढं गेलीयत. भावाला फोन केला तर म्हणाला, बघू, एप्रिल येऊ दे. त्याच्या बघूवर माझा भरवसा नाही, इलेक्ट्रिशियनचा नंबर घेऊन मीच त्याला बुधवारी घरी पाठवतोय.