साहेब नाहीत, नाळे बर्री : कमिशनच्या वसुलीचा माझा अनुभव

आमच्याकडं पूर्वी घराच्या दारावर खडूनं ‘नाळे बा’ लिहायचे. कानडीत ‘उद्या ये’. भूत दारात आलं की ते वाचायचं आणि परत जायचं, रोजच. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या अकाउंट्स खोलीत दीड वर्ष मी ते भूत होतो.

त्या कारखान्याचे सबमर्सिबल पंप मी सहा वर्षं विकले. खानापूर, बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक ही माझी लाईन. पगार नाही, पेट्रोल आपलं, बिलावर तीन टक्के कमिशन. 2022-23 आणि 2023-24 मिळून 2,87,400 रुपये तटले. नेमणुकीच्या पत्रात एक ओळ होती : दुकानदाराकडून रक्कम जमा झाल्यावर कमिशन देय. सही करताना ती मी वाचलीसुद्धा नव्हती. पुढं सगळं तिथंच अडलं.

गेलो की काउंटरवरचा क्लार्क मान वर न करता म्हणायचा, “साहेब्रु इल्ल. नाळे बर्री.” साहेब नाहीत, उद्या या. मी पंख्याखालच्या बाकावर बसायचो. रजिस्टरला सुतळीनं बांधलेलं पेन होतं, त्यानं नाव आणि वेळ लिहायची. ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात मी दर वेळी ‘कमिशन’ लिहिलं. एकाच पानावर माझं नाव चार वेळा आलेलं मी मोजलंय. कधी मालक आत असायचे, काचेतून चप्पल दिसायची. भेटले की गोड. “अहो, तुम्ही आपली माणसं. मी काय पळून जाणार आहे का? दुकानदारांकडनंच पैसे आले नाहीत, तुम्हाला कुठनं देऊ?” मग म्हणे लेजर जुळवायचं चाललंय. मग ऑडिट. मग जुळवणारा मुलगा लग्नाला गावी गेलेला. मी खातेउतारा मागितला की उत्तर ठरलेलं, “देतो की, टाईप व्हायचाय.” दीड वर्षात एक पान टाईप झालं नाही.

माझी चूक अशी की हे सगळं तोंडी चाललं होतं. आठवड्याला एक ईमेल टाकला असता तर तारखा आपोआप जमल्या असत्या. व्हॉट्सॲपवर थोडं होतं, पण मधे फोन बदलला आणि निम्मं गेलं. जुना फोन विकू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही, कोर्टात त्याच्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं.

गाठ सुटली ती भलतीकडंच. रिटर्न भरायला गेलो तर कर सल्लागारानं स्क्रीन माझ्याकडं फिरवली. “तुझं कमिशन इथं दिसतंय की!” फॉर्म 26एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या कराच्या सरकारी उताऱ्यात, कलम 194एचखाली (कमिशनवरचा टीडीएस) 1,64,000 रुपये आणि त्यावर तेव्हाच्या पाच टक्क्यांनी कापलेला 8,200 रुपये टीडीएस. म्हणजे त्यांच्याच वहीत माझं कमिशन जमा झालेलं, सरकारला कर पोचलेला, आणि मला मात्र ‘नाळे’. पैसे हातात नाहीत आणि उत्पन्न माझ्या नावावर! त्या दिवशी मी घरी जेवलो नाही, इतका राग आला.

पण वकील मॅडमनी लगेच जमिनीवर आणलं. एवढ्यावर कर्ज कबूल केलं असं होत नाही, जोडीला दुसरं काहीतरी हवं. शिवाय पुढच्या वर्षाचे 1,23,400 तिथं नव्हतेच, त्यांनी टीडीएसच कापला नव्हता. मग मीच लाईनवर निघालो, या वेळी विकायला नाही. बैलहोंगलच्या दुकानदारानं लाल कापडाची चोपडी काढली, थुंकी लावून पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “तुमच्या मालकाला आम्ही कवाच पैसे दिलोय की.” तारीख, रक्कम, बँकेतल्या व्यवहाराचा युटीआर नंबर, सगळं. झेरॉक्सवर शिक्का मारून सही दिली आणि वर “चा कुडीरी” म्हणून बसवून घेतलं. अशा नऊ दुकानांचे उतारे जमले. इथं राहून सीमेचं राजकारण आम्ही रोज ऐकतो. माझे पैसे अडवणारा मराठी, आणि कागद काढून देणारे निम्मेअधिक कानडी. असो.

पुढचं पटापट झालं. वाद धंद्यातला, आणि व्याज धरून मागणी तीन लाखांवर गेली, म्हणून तो व्यापारी न्यायालयाच्या कायद्याखाली आला. तातडीचा अंतरिम हुकूम नको असेल तर अशा दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची. अर्जाला 1,000 रुपये, आणि समोरचा बसायला तयार झाला तर मध्यस्थाची 15,000 फी निम्मी निम्मी. दावा लावायची मुदत तीन वर्षांची, मध्यस्थीत जाणारे दिवस त्यात धरत नाहीत. पण प्रत्येक बिलाच्या कमिशनची तीन वर्षं वेगवेगळी मोजतात हे मला उशिरा कळलं. जुनी बिलं आधी बघा.

दुसऱ्या बैठकीत नऊ उतारे टेबलावर ठेवल्यावर “दुकानदारांकडनं आले नाहीत” हे वाक्य मालकांच्या तोंडून परत निघालं नाही. व्याज मी सोडलं. घरच्यांना ते आवडलं नाही, पण मला त्या बाकावर परत बसायचं नव्हतं. मुद्दल तीन चेकांत ठरलं. मसुद्यात मात्र ‘संपूर्ण रकमेवर टीडीएस वजा करून’ असं घुसवलेलं होतं! 8,200 आधीच कापलेत, ते वेगळे लिहा म्हणून मी अर्धा तास अडून बसलो. लिहिले.

तिसऱ्या चेकच्या दिवशी मी दारात दिसलो तसा क्लार्कनं स्वतःहून ड्रॉवर उघडून पाकीट पुढं केलं. आणि सवयीनं म्हणाला, “साहेब्रु इल्ल.”