भिजलेल्या चिऱ्याचा रंग

गोव्यात म्हार्दोळला आमच्या घरामागे गिलावा न केलेली चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत आहे. आषाढात ती भिजली की तांबडी, जांभळी आणि मधेमधे शेवाळामुळे हिरवी दिसते. दोन पावसाळे मी ती वॉटरकलर पेन्सिलींनी, म्हणजे ज्यांची रेघ पाण्यानं विरघळून रंग होते अशा पेन्सिलींनी, रंगवायला घेतली आणि दोन्ही वेळा कागदावर नुसता चिखल झाला.

पहिली चूक कागदाची. शाळेच्या चित्रकलेच्या वहीचं पान पाण्यानं फुगलं, त्याचे तंतू निघाले. यंदा ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड, खरखरीत कागद आणला. दुसरी चूक हाताची. पेन्सिल दाबून चालवली की कागदात चर पडतात आणि ती रेघ ब्रशनं कितीही घोळवली तरी विरघळत नाही.

यंदा आधी एका पट्टीवर प्रत्येक पेन्सिलीचा चौकोन भरला आणि अर्ध्या भागावर पाणी फिरवलं. ते फार उपयोगी पडलं, कारण कोरडा असताना मवाळ वाटणारा इंडिगो, म्हणजे निळीचा रंग, पाण्यानं एकदम गडद होतो. चिऱ्यासाठी बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग निवडला. चिरा तांबडा दिसतो तो त्यातल्या लोहामुळे, आणि हा रंगही मुळात लोहयुक्त मातीचाच, म्हणून दोन्ही इतके जुळतात.

मग एकेक चिरा घेतला. हलक्या हातानं रेघा, फडक्यावर टिपलेला ओलसर ब्रश, उजळ बाजूकडून गडद बाजूकडे. उलट नेलं तर गडद रंग उजळ भागात ओढला जातो. दर चिऱ्यानंतर ब्रश धुतला.

खरी परीक्षा वाळवण्याची. उन्हाळ्यात इथे थर बघता बघता सुकतो. आषाढात पंख्याखाली ठेवूनही तासभर थांबावं लागलं. कागदाला हाताची मागची बाजू लावायची. गार लागला तर अजून ओल आहे. अशा ओल्या कागदावर पेन्सिल टेकली की जाड, काळपट रेघ उमटते आणि ती पुढे निघत नाही. चिऱ्याच्या भोकांसाठी मात्र मला तशीच खूण हवी होती. कागद पूर्ण वाळल्यावर पेन्सिलीचं टोकच पाण्यात बुडवून ठिपके दिले, ते हुबेहूब बसले. शेवाळासाठी ओल्या जागेवर पॉलिश पेपर धरून त्यावर हिरवी पेन्सिल घासली. भुकटी पडली तिथेच फुलली. तिला ब्रश लावला नाही.

सावलीच्या वेळी पुन्हा अडले. या पेन्सिलींचा खालचा थर पाणी लागताच परत सुटतो. म्हणून जांभळी सावली एकाच फटकाऱ्यात दिली, त्याच जागी ब्रश परत नेला नाही.

भिंतीवर जायेची, म्हणजे जाईची, वेल आहे. तिची फुलं कागदाच्या पांढऱ्यातच राखायची, म्हणून त्यांच्या कडा सगळ्यात आधी फिक्या राखाडीनं आखल्या होत्या. काल त्यांच्याभोवतीची शेवटची पानं भरली.