पद जाणार माहीत होतं ना?

‘सरपंचपद जाणार हे माहीत असून तिसरं ठेवलंस कशाला?’ लग्नात, एसटीत, बांगड्यांची घासाघीस करतानासुद्धा लोक विचारतात. शेजारची काकी तर सरळ म्हणते, ‘झील होयो होतो मां गो तुका?’ तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. नव्हता हवा मुलगा. मुलगीच झाली, तरी कुणाला पटत नाही.

12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं की पंचायतीतून अपात्र, हे मला तोंडपाठ. आमदार-खासदारांना ही अट नाही, हेही. दुसऱ्या खेपेला जुळी झाली असती तर तिघं चालली असती! आणि तोंडपाठ का? तर छाननीच्या दिवशी खालच्या वाडीतल्या बाईच्या अर्जावर याच कलमाखाली हरकत मीच घेतली होती. तिचा अर्ज उडाला, मी बिनविरोध आले. महिला राखीव जागा, दोघीच होतो. ‘नियम तो नियम,’ असं वर म्हणालेही. तिने पदर सावरला आणि गेली.

दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा नवरा गणपती आटोपून मुंबईला गेलेला. कणकवलीला दवाखान्याच्या बाकावर मी दोनदा जाऊन बसले. दुसऱ्या वेळी नाव पुकारलं, आणि मी उठून स्टँडवर आले. का, ते विचारू नका. मलाच धड सांगता येत नाही.

तक्रार केली त्या खालच्या वाडीतल्या बाईच्या दिराने. सुनावणीला पहाटेच्या एसटीने निघाले, तीन महिन्यांची पोर कडेवर. दुपारपर्यंत कॉरिडॉरमध्ये उभी. तिला पाजायला जागा म्हणून जिन्याखाली, फायलींच्या गठ्ठ्यांमागे बसले. तेवढ्यात पुकारा झाला. तशीच, पदराखाली पोर घेऊन आत गेले. दिराच्या वकिलाने जन्मदाखला वाचला: आईचं नाव, म्हणजे माझं. बापाचं नावही होतं त्यावर, त्याची नोकरी शाबूत. साहेबांनी खाली बघतच विचारलं, ‘हे मूल तुमचंच ना?’ ‘हो,’ म्हटलं. पोरीने तेव्हाच भोकाड पसरलं. शिपाई म्हणाला, ‘बाई, बाहेर घ्या तिला.’ निकाल नंतर पोस्टाने आला, पण माझ्यासाठी ते तिथेच संपलं.

देवळाकडची पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, मंजूर करून घेतली होती, ती अजून अर्धीच आहे. त्याची चुटपुट पदापेक्षा जास्त. (खरं तर पदाचीही आहे.)

ती बाई विहिरीवर भेटते. ती मात्र हा प्रश्न विचारत नाही. नियम चुकीचा म्हणावा, तर तिच्यावर तो मीच ऐटीत चालवला. बरोबर म्हणावा, तर धाकटी समोर बसून पेज सांडत असते.