शिवरात्रीनंतरची अवस: धारूरच्या माळावर तारे टिपताना

आकाशाचे फोटो काढायला सुरुवात करायची असेल, तर पहिली रात्र माघातल्या अवसेची धरा. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीची, तिच्या लगेच पुढे अमावास्या. चंद्राची कटकट नाही, हवा कोरडी, आणि एकाच रात्रीत दोन्ही हंगाम पदरात पडतात: संध्याकाळी मृग उंचावर, पहाटे धनू-वृश्चिकातला आकाशगंगेचा दाट पट्टा. शिवरात्रीच्या रात्रीच मात्र निघू नका. परळीच्या रस्त्याला गर्दी आणि देवळादेवळांत हॅलोजन.

आम्ही गेलो किल्लेधारूरजवळ मामाच्या शेतात. दिवस मावळायच्या आत पोचलो, हे फार बरं झालं. बिनकठड्याची विहीर कुठे, विजेच्या तारा कुठे लोंबतात, हे उजेडातच बघून ठेवायला हवं. दक्षिण मोकळी पाहिजे. बीड-धाराशिवच्या माळांवर आता पवनचक्क्या आहेत. त्यांचे लाल दिवे फोटोत येतात, तेही आधी हेरून ठेवा.

सामान साधं: जुना क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा, सोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स, ट्रायपॉड. नवी लेन्स घेण्याआधी भक्कम ट्रायपॉड घ्या, असं मी म्हणेन. तारे सरकतात, म्हणून शटर किती वेळ उघडं ठेवायचं याचा ढोबळ हिशोब असा: लेन्सचे मिलिमीटर गुणिले अशा सेन्सरचा गुणक १.५, आणि त्यानं ५०० ला भागायचं. १८ मिमीला साधारण १८ सेकंद येतात. मी १५च ठेवतो, कारण कडेचे तारे लांबट होतात. अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ ३.५, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२००, फाइल रॉ (कच्ची), दोन सेकंदांचा टायमर. ऑटोफोकस बंद. व्याधाचा तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर, मोठा करून तो बारीकात बारीक ठिपका होईपर्यंत रिंग फिरवायची, मग रिंगला चिकटपट्टी. निम्मी लढाई इथेच जिंकली जाते.

आठच्या सुमारास ५० मिमी लेन्स लावून मृगाच्या तीन ताऱ्यांखालचा तेजोमेघ घेतला. पाच-पाच सेकंदांच्या भरपूर फ्रेम. दक्षिणेला खाली अगस्त्याचा तारा. मामा बाजेवरूनच म्हणाला, "तिकांडं कललं की आम्ही मोटेला उठायचो." तिकांडं म्हणजे मृगाचे हेच तीन तारे.

खरी अडचण शेतीच्या रात्रीच्या लाईनची, म्हणजे विजेची. मोटारीची पाळी रात्री असली की शिवारभर बॅटऱ्या फिरतात, स्टार्टरपाशी बल्ब जळतो. मामानं शेजाऱ्याला सांगून एक बल्ब बंद करवला. ओळखीचं शेत नसेल तर पोलीस पाटलांना आधी कळवा; रात्री अनोळखी गाडी दिसली की गावकरी विचारायला येणारच, आणि ते रास्तच आहे. गौताळ्यासारख्या अभयारण्यात परवानगीशिवाय रात्री थांबू नका.

थोडी झोप काढून चारला उठलो. आग्नेयेला क्षितिजाजवळ अंबाजोगाईच्या बाजूचा पिवळट उजेड होता, पण पट्टा त्याच्या वर चढला होता. सव्वापाचपर्यंतच वेळ मिळतो, नंतर फटफटायला लागतं. पहाटे दव पडत असेल तर लेन्सभोवती फडकं गुंडाळा. जादा बॅटरी खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. आवरण्याआधी लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगवर काही काळ्या फ्रेम घ्या. घरी सिक्वेटरसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम एकावर एक रचल्या की दाणे कमी होतात, आणि या काळ्या फ्रेमनी सेन्सरचे ठरावीक जागचे ठिपके वजा होतात.

हुकलंच तर चैत्रातली अवस आहे. त्यानंतर धुरळा, मग ढग, आणि पुढे थेट दिवाळीच्या आसपास.